कोऱ्या सह्यांचा गठ्ठा

कोलोन शहराला ज्या बाईचं नाव आहे, तिला तिच्या पोटच्या मुलाने मारलं. हे मला इथे येऊन अठरा वर्षं झाल्यावर कळलं, आणि तेही डोमखालच्या, म्हणजे इथल्या मोठ्या चर्चखालच्या, पार्किंगमध्ये. आमची गाडी सापडत नव्हती. मधू, म्हणजे माझा नवरा, पलीकडच्या रांगेत शोधत होता आणि मी एका जुन्या दगडी भिंतीसमोर उभी होते. रोमन भिंत. शेजारी या वसाहतीचं मूळचं लांबलचक नाव लिहिलेलं होतं आणि त्या नावात अग्रिपीना होती. घरी येऊन मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

इथेच जन्मली. पुढे रोमच्या सम्राटाची बायको झाली आणि जन्मगावाला स्वतःचं नाव देऊन मोकळी झाली. सम्राटाला आधीच्या बायकोचा मुलगा होता. त्याला बाजूला सारून हिने आपला नीरो गादीवर बसवला. नवऱ्याला अळंब्यांतून विष घातलं म्हणतात. मग पाच वर्षांनी नीरोला आई जड झाली. त्याने तिला मेजवानीला बोलावलं, पोटभर जेवू घातलं, निघताना डोळ्यांचे मुके घेतले आणि छत कोसळेल अशा होडीत बसवून दिलं. ती पोहून काठाला आली. आणि आल्यावर तिने काय केलं, तर मुलाला निरोप धाडला की अपघात झाला, पण मी सुखरूप आहे, काळजी करू नकोस. कट कळलाय हे दाखवलं नाही तर कदाचित वाचू, असं तिला वाटलं. नाही वाचली.

मला ती बाई फार आवडली. का आवडली ते तेव्हा कुणी विचारलं नाही हे बरंच झालं. तीन वर्षं खपून मी तिच्यावर दोन अंकी नाटक लिहिलं. दिवसभर शहराच्या वाचनालयात नोकरी, संध्याकाळी अग्रिपीना. मधू म्हणायचा, "या घरात कढीपत्त्यापेक्षा विषावर जास्त बोलणं होतं."

नाटक करणार होतं आमचं महाराष्ट्र मंडळ. मी त्याची बारा वर्षं अध्यक्ष होते. आता मंडळ म्हणजे इथल्या कायद्याने नोंदलेलं फेराइन. त्याची घटना असते, वर्षातून एकदा सभा, इतिवृत्त, दर दोन वर्षांनी निवडणूक. जर्मन माणूस हे सगळं मनापासून करतो. आमचे लोक गणपतीला दोनशे येतात, कोजागिरीच्या दुधाला दीडशे, आणि सभेला अकरा. त्यावर तोड म्हणजे फोलमाख्ट. मी सभेला येऊ शकत नाही, माझ्या वतीने अमुक व्यक्ती मत देईल, अशा अर्थाचा एक पानी कागद. आमची माणसं खाली सही करतात आणि 'अमुक व्यक्ती'ची जागा कोरी सोडतात. "तुम्हीच भरा हो ताई," म्हणतात. कुठलाही जर्मन असला कागद मेला तरी देणार नाही. पण आपल्या माणसाकडे कागद देताना नाव लिहिणं आपल्याला अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं.

मी अध्यक्ष झाले तीही याच कागदांवर.

माझ्या आधी दिनकरकाका अध्यक्ष होते. मंडळ त्यांनीच काढलेलं. सज्जन माणूस, पण अतिशय संथ. मी नाटकाचं विचारलं की म्हणायचे, "नाटक पुढच्या वर्षी बघू गं अरुंधती, यंदा प्रश्नमंजुषा ठेवू." अशा चार प्रश्नमंजुषा मी सहन केल्या. पाचव्या वर्षी जानेवारीत माझ्याकडे हळदीकुंकू होतं. मी प्रत्येकीच्या हातावर तिळगूळ ठेवला, वाण म्हणून स्टीलची चाळणी दिली आणि फॉर्म पुढे केला. "सभेला कोरम भरत नाही गं, एक सही टाक." एकोणीस सह्या मिळाल्या. त्यांत दिनकरकाकांची बायको होती, शोभनाकाकू. चष्मा घरी राहिला होता म्हणून त्यांनी वाचलंही नाही. "यांच्याच मंडळाचं काम ना? मग त्यात काय बघायचंय," म्हणाल्या. साडीचा पदर सावरत त्यांनी सावकाश, गोल अक्षरांत सही केली. नाव मी नंतर भरलं. एकोणीसही कागदांवर माझं.

सभेत ती नावं मोठ्याने वाचावी लागतात. दिनकरकाका स्वतः अध्यक्षस्थानी होते. "शोभना दिनकर, मत अरुंधती यांच्याकडे," असं वाचलं गेलं तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरोबर आहे. पुढे." पुढच्याच महिन्यात आम्ही त्यांचा सत्कार केला. शाल, एशियन दुकानातला नारळ, मानपत्र. मी भाषणही केलं आणि ते चांगलं झालं.

वाईट नाही वाटलं मला. मंडळासाठी केलं असं मी स्वतःला सांगितलं, आणि पुढची बारा वर्षं नऊ नाटकं करून ते खरंही करून दाखवलं. काका दर नाटकाला येत, पहिल्या रांगेत बसत. सहा वर्षांपूर्वी काकू गेल्या. तेव्हापासून ते शेजारच्या खुर्चीवर आपला कोट घडी करून ठेवत. नाटक संपलं की म्हणत, "छान झालं हो."

प्रणव आला त्याला आठ वर्षं झाली. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. इथे घर मिळेना म्हणून सहा आठवडे आमच्याकडे राहिला. हा आमच्याकडे राहतो अशी सही करून तो कागद मी नोंदणी ऑफिसात द्यायला लावला, नाहीतर त्याचं बँकेत खातंसुद्धा उघडत नव्हतं. पुढे क्षितिजाशी लग्न झालं, ती आली. तिचं डोहाळजेवण मी केलं. त्याला रंगमंचावर उभं मी केलं. हात कुठे ठेवायचे हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. नीरोची भूमिका त्याचीच होती, अग्रिपीनाची माझी. मूल नाही आम्हाला. मी त्याला मुलगा मानत होते असलं काही म्हणणार नाही, पण त्याला ताप आला की मी सूप घेऊन ट्राममध्ये बसत होते एवढं खरं.

तालमी आमच्या बैठकीच्या खोलीत चालायच्या. एका रविवारी नीरोची महत्त्वाकांक्षा काही केल्या त्याच्या चेहऱ्यावर येईना. म्हटलं, "अरे, सत्ता ओरडून घेत नाहीत. गोड बोलून घेतात. थांब, तुला गंमत सांगते." आणि मी त्याला हळदीकुंकवाची गोष्ट सांगितली. चाळण्या, तिळगूळ, कोऱ्या सह्या, सगळं. तो इतका हसला की चहा सांडला. "ताई, तुम्ही जीनियस आहात," म्हणाला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फारच बरं वाटलं.

यंदाची सभा नाटकाच्या दोन आठवडे आधी शनिवारी ठेवली. जागा ब्युर्गरहाउसची, म्हणजे वस्तीच्या समाजमंदिराची, वरची खोली. वेळ प्रणवने ठरवली होती, अडीच. आणि त्याच दिवशी खालचा रंगमंच आम्हाला दोन ते चार मिळाला, कारण तिथल्या हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या माणसाला, दुसरा दिवसच जमत नव्हता. तेही प्रणवनेच सांगितलं. मी हाउसमाइस्टरला विचारलं नाही.

त्या दिवशी पहिल्यांदा होडी उभी राहिली. आमचा श्रीनाथ मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. लाकडी फळ्या आणि बिजागऱ्या वापरून त्याने होडी अशी केली होती की दोरी ओढली की छत अंगावर यायचं, पण बरोबर वीतभर वर थांबायचं. आम्ही ते पुन्हापुन्हा करून बघत होतो. सव्वादोनला प्रणव आला.

"ताई, तुम्ही लाइट्स आणि होडी बघा. वर काय, नुसती फॉर्मॅलिटी आहे. तुमच्याशिवाय आहे कोण उभं? गठ्ठा माझ्याकडे द्या."

मी पर्समधून गठ्ठा काढून दिला. तेवीस कागद, सगळे कोरे.

"आणि तुमचाही एक टाका ना. तुम्ही वर येणार नाही, आल्झो, म्हणजे उगाच एक मत कमी होईल."

त्याने कागदही आणला होता, पेनही. मी होडीच्या काठावर कागद ठेवून सही केली. नाव कोरं सोडलं. त्याच्यासमोर नाव लिहायला मला लाज वाटली असती.

छत तिसऱ्यांदा नीट पडलं तेव्हा वर टाळ्या वाजल्या. म्हटलं, नाटकाचा ठराव झाला असेल. थोड्या वेळाने वैभवी खाली आली. ती मंडळाची सेक्रेटरी. तिचे डोळे भरले होते. तिने मला मिठीच मारली.

"ताई, तुमचं मन किती मोठं आहे हो!"

"का गं? काय झालं?"

"स्वतःहून बाजूला झालात आणि प्रणवला पुढे केलंत. त्याने तुमचा फोलमाख्ट दाखवला, त्याच्या नावाचा. म्हणाला, ताईंचीच इच्छा आहे, त्यांना आता फक्त नाटक करायचंय. मग काय, एकमताने झालं. विरोधात एकही हात नाही."

तिच्या मागून सगळे आले. प्रणव पुढे होता. त्याने सगळ्यांसमोर वाकून माझ्या पायांना हात लावला. आणि माझा हात, इतक्या वर्षांची सवय, आपसूक त्याच्या डोक्यावर गेला.

ओरडायला हवं होतं. तिथेच, तेव्हाच. पण सभेची आणि तालमीची मिळून पंचवीसतीस माणसं माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघत होती, आणि माझ्या तोंडून निघालं, "हो, म्हटलं आता तरुणांनी बघावं." कुणीतरी पुन्हा टाळ्या वाजवल्या. होडीत उभी राहून मी त्या स्वीकारल्या.

संध्याकाळी मी त्याला फोन केला. मला वाटलं होतं तो चाचरेल. अजिबात नाही.

"ताई, शांतपणे ऐका. मला मंडळ मोठं करायचंय. इथल्या शहराबरोबर कार्यक्रम करायचेत, स्टुडंट्सना आणायचंय. तुम्ही खुर्ची सोडली असतीत? मी विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

"नाही."

"गेनाऊ. अगदी बरोबर."

"म्हणून चोरी करायची?"

"तुम्ही हरकत घ्या ना. सभा रद्द होईल, मला माहितेय. पण मग कोऱ्या सह्यांचा विषय निघेल. यंदाच्या आणि आधीच्याही." मग आवाज मऊ करून म्हणाला, "नाटक तुमचंच आहे हं ताई. त्याला कुणी हात लावणार नाही. आणि नाटकाआधी तुमचा सत्कार ठेवलाय."

सत्कार! मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावरचं सगळं दाणदाण घासलं. माझा सत्कार करून मला पुरणार होता तो. शाल पांघरली की माणूस संपला हे मीच तर त्याला शिकवलं होतं.

मग ठरवलं, बोलायचं. त्याच सत्कारात, त्याच्याच माइकवर. सहा ओळी लिहिल्या. प्रणवने माझ्या कोऱ्या सहीवर स्वतःचं नाव लिहिलं. मी त्याला पाठिंबा दिलेला नव्हता. ही निवडणूक मला मान्य नाही. असं सगळं. ओळी चांगल्या उतरल्या होत्या. मधूला वाचायला दिल्या.

त्याने दोनदा वाचल्या. म्हणाला, "यात दिनकरकाकांचं कुठे आहे?"

"त्यांचा इथे काय संबंध?"

त्याने कागदाची घडी केली, मला परत दिली आणि डिशवॉशरमधली भांडी काढायला गेला. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. मला त्याचा इतका राग याआधी कधी आला नव्हता.

दोन आठवडे आम्ही तालमी केल्या. तो नीरो, मी त्याची आई. शेवटच्या निरोपाच्या प्रसंगात त्याला माझ्या डोळ्यांवर ओठ टेकवायचे होते. तो ते इतकं हळुवार करायचा की क्षितिजा प्रॉम्प्ट द्यायची विसरायची. मी डोळे मिटून मनातल्या मनात सहा ओळी म्हणत असे.

नाटक रविवारी दुपारी चारला होतं. हॉल भरलेला. मी जांभळं रेशीम रोमन पद्धतीने नेसून तयार होते आणि कागद कमरेला खोचला होता. प्रणव नीरोच्या वेषातच सूत्रसंचालन करत होता. बारा वर्षं, नऊ नाटकं, त्याग, मोठं मन. शब्द ओळखीचे वाटले. दिनकरकाकांच्या सत्काराला मी हेच वापरले होते.

"आणि शाल पांघरण्यासाठी मी विनंती करतो मंडळाचे संस्थापक, आपल्या सगळ्यांचे दिनकरकाका यांना."

काका पहिल्या रांगेतून उठले. कोट शेजारच्या खुर्चीवर ठेवून, काठी टेकत पायऱ्या चढले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. मला वाटलं, यांना आज मजा येत असेल. येऊ दे. मलाही आली असती. मी मान खाली घातली. त्यांनी शाल उलगडली, माझ्या खांद्यांवर टाकली, आणि एक टोक घसरलं ते नीट करता करता माझ्या कानाशी बोलले.

"शोभना शेवटपर्यंत म्हणायची, मीच तुम्हाला पाडलं. हॉस्पिटलातसुद्धा. मी समजावत होतो की तिची चूक नव्हती. तिला वाटायचं, मी तिचं मन राखायला बोलतोय." त्यांनी टोक सरळ केलं. "तू एकदा येऊन सांगायला हवं होतंस गं."

आवाजात राग नव्हता. असता तर मी उत्तर दिलं असतं.

मग नारळ हातात आला, मग माइक. नारळ ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी तो पोटाशी धरून उभी राहिले. कागद कमरेला होता. पहिली ओळ पाठ होती. प्रणव बाजूला हात जोडून उभा होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता. तो घाबरला होता. ते बघायला मी दोन आठवडे थांबले होते.

"बारा वर्षांपूर्वी," मी म्हणाले, "शोभनाकाकूंनी दिनकरकाकांच्या विरोधात मत दिलं नव्हतं. त्यांनी कोऱ्या कागदावर सही केली होती. कोरमसाठी आहे असं मी त्यांना सांगितलं होतं. नाव नंतर मी लिहिलं. तशा एकोणीस कागदांवर लिहिलं."

मागे एका मुलीने आईला मोठ्याने विचारलं, "ममा, वास हाट झी गेझाग्ट?" काय म्हणाली ती? आईने तिला गप्प केलं. मला पुढेही बोलायचं होतं, प्रणवबद्दल. पण तेवढ्यात मला कळलं की आता ते बोलून उपयोग नाही. मी आत्ताच सांगितलं होतं की मी कोण आहे. आता त्याच्याबद्दल काही बोलले असते तर ऐकणाऱ्यांना वाटलं असतं, हिचा डाव हिच्यावर उलटला म्हणून रडते आहे. आणि ते खरंच होतं.

प्रणवलाही ते कळलं, माझ्याहून लवकर. त्याने दुसरा माइक उचलला.

"ताई आज खूप इमोशनल झाल्या आहेत. साहजिक आहे. इतक्या जुन्या गोष्टी मनाला लावून घेणारी माणसं आता कुठे मिळतात? ताईंसाठी एकदा जोरदार टाळ्या!"

आणि वाजल्या. आधी तुरळक, मग सगळीकडून. लोकांना तरी काय करायचं सुचणार? वैभवी रडत होती. टाळ्या वाजेपर्यंत दिनकरकाका पायऱ्या उतरून खाली पोहोचले होते. त्यांनी खुर्चीवरचा कोट उचलला, हातावर घेतला आणि मधल्या वाटेने चालत दाराकडे गेले. बारा वर्षांत त्यांनी माझं एकही नाटक चुकवलं नव्हतं. मी माइकमध्ये "काका" म्हणाले की नुसतं मनात म्हणाले, मला आठवत नाही. ते थांबले नाहीत.

नाटक झालं. पडदा ठरल्या वेळी वर गेला, कारण सगळं आखलेलं होतं आणि आमच्यात कुणाला नाटक रद्द करायची हिंमत नव्हती. प्रणवने फार चांगलं काम केलं. मी शिकवलं होतं त्याहून चांगलं. निरोपाच्या वेळी त्याचे ओठ थंड होते आणि तो नेहमीपेक्षा लवकर मागे सरला. प्रेक्षकांना तो अभिनय वाटला. मी होडीत बसले. समुद्राचा निळा उजेड आला. श्रीनाथने दोरी ओढली आणि छत माझ्या अंगावर आलं, वीतभर वर थांबलं. हॉलमध्ये शंभर जणांनी एकदम श्वास घेतला.

पुढची पाच मिनिटं मला त्या फळ्यांखाली निपचित पडून राहायचं होतं. फटीतून पहिली रांग दिसत होती. मधोमध दोन खुर्च्या रिकाम्या. काकू शेवटचे चार महिने घरीच होत्या, मधूनमधून हॉस्पिटलात. त्यांच्या घरी जायला मला ट्रामने अकरा मिनिटं लागायची.